उतरवणे, विटंबना आणि अवकळा

पवित्र गुरुवारची सायंकाळ होती. पादप्रक्षालनाचा विधी आणि प्रभुभोजनाची मिस्सा आटोपली होती. पवित्र साक्रामेंत मिरवणुकीने बाजूच्या वेदीकडे नेण्यात आले होते. मंदिरातील दिवे मंदावले. मग दोघे वेदीसेवक पुढे झाले. त्यांनी मेणबत्त्या उचलल्या, क्रूस हलवला आणि वेदीवरील शुभ्र आच्छादन घड्या घालून आत नेले. मागे उरला तो उघडा दगड. आमच्या शेजारी बसलेल्या लहानग्या नातीने हळूच विचारले, "आजोबा, वेदी का मोडतात?" आम्ही म्हणालो, "मोडत नाहीत बाळा, वेदीवरचा साज उतरवतात."

उत्तर देऊन झाले, परंतु त्या एका क्रियापदाने आमची पाठ सोडली नाही. मोडणे आणि उतरवणे यांत असा कोणता भेद आहे, की जो त्या मुलीला डोळ्यांनी दिसला नाही आणि आम्हांला शब्दांनी नीट सांगता आला नाही?

सजवणे या क्रियेसाठी मराठीत शब्दांची रेलचेल आहे. आपण नटवतो, शृंगारतो, मढवतो, शोभिवंत करतो, अलंकृत करतो. शाळेत आपण विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या घोकल्या. सुरूपच्या समोर कुरूप लिहिले की गुण मिळत. पण सजवणे या क्रियापदासमोर काय लिहावे? तेथे एकच एक शब्द सापडत नाही. जे शब्द सापडतात, ते एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. दागिना अंगावरून उतरवतात, तो ओरबाडूनही घेतात. दागिना नसलेला गळा ओकाबोका दिसतो. चेहरा विद्रूप करतात. पवित्र वस्तूची विटंबना करतात. आणि ज्या घरात कोणी राहत नाही त्याची रया जाते, त्यास अवकळा येते. या सर्वांत शोभा जाते ही गोष्ट समान आहे. मात्र ती कोणाच्या हाताने गेली, कोणत्या भावनेने गेली आणि परत येणार आहे की नाही, हे प्रत्येक शब्द निरनिराळे सांगतो.

मंडन हा शब्द पाहावा. त्याचा मूळ अर्थ सजावट. वादविवादात आपल्या मताचे समर्थन करणे म्हणजेही मंडन, आणि त्याच्या उलट खंडन. जणू आपल्या पूर्वजांनी सजावटीच्या समोर तुकडे करण्याची क्रिया बसवली. विटंबना या शब्दाची कुळकथा तर आणखी बोलकी आहे. संस्कृतातील विडंबन म्हणजे नक्कल, टवाळी. त्याच शब्दापासून मराठीत एकीकडे हसवणारे विडंबनकाव्य आले आणि दुसरीकडे पावित्र्य पायदळी तुडवणारी विटंबना आली. प्रभू येशूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त आठवला म्हणजे या शब्दाची धार कळते. शिपायांनी प्रभूच्या अंगावर जांभळा झगा चढवला, मस्तकावर मुकुट ठेवला, हाती राजदंड म्हणून बोरू दिला. हा सगळा साजच होता! वस्त्र काढून घेण्यापूर्वी त्यांनी ते चढवले होते. तेव्हा सजवण्याच्या उलट क्रिया काही वेळा सजवण्याच्याच रूपाने येते, हे पहिले भान आपणांस शुभवर्तमान देते.

ग्रीक भाषेत सजावट आणि सुव्यवस्था यांस कोस्मोस हा एकच शब्द आहे. जगालाही तोच शब्द. उत्पत्तीच्या पुस्तकात आकाश आणि पृथ्वी यांची रचना पूर्ण झाल्याचे जे वाक्य आहे, तेथे जुन्या ग्रीक भाषांतराने हाच शब्द योजला, तर लॅटिन भाषांतराने आभूषण या अर्थाचा शब्द घेतला. संत थॉमस अक्वायनस यांनी निर्मितीच्या पहिल्या तीन दिवसांना विभागणीचे कार्य आणि पुढील तीन दिवसांना अलंकरणाचे कार्य म्हटले. सूर्यचंद्र, पाखरे, मासे, पशू आणि मानव हा त्यांच्या लेखी सृष्टीचा साज होय. ग्रीकमधील उलट शब्द अकोस्मिया. त्याचा अर्थ कुरूपता नव्हे, तर बेबंदशाही. म्हणजे निर्मितीची जी दिशा, तिच्या नेमकी विरुद्ध दिशा.

असे असता ख्रिस्तसभा वर्षातून एकदा आपल्याच वेदीला ओकीबोकी का करते? प्राचीन काळी वेदीवर आच्छादन कायम अंथरलेले नसे. मिस्सेपूर्वी ते घालत आणि नंतर काढून ठेवत. पुढे आच्छादन नित्याचे झाले, परंतु पवित्र गुरुवारने जुनी रीत जपली आणि तिला दुःखसहनाचा अर्थ लाभला. जुन्या विधीत धर्मगुरू वेदी उघडी करीत असताना परित्यक्ताच्या आक्रोशाचे बाविसावे स्तोत्र म्हटले जाई. वस्त्रे वाटून घेतल्याचा उल्लेख त्याच स्तोत्रात आहे. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली पवित्र सप्ताहाच्या विधींची पुनर्रचना केली. १९७० च्या मिस्साग्रंथानंतर हे काम कोणत्याही समारंभाविना, मुकाट्याने होते. आम्हांला या क्रियेत महत्त्वाची वाटते ती आच्छादनाची घडी. जो फाडतो तो घडी घालत नाही. घडी तोच घालतो ज्याला ते वस्त्र पुन्हा अंथरायचे असते.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात मात्र घडी न घालता शोभा उतरवणारे हातही पुष्कळ झाले, आणि त्यांपैकी बरेच ख्रिस्ती हात होते. आठव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राट तिसऱ्या लिओने पवित्र प्रतिमांच्या विरोधात पाऊल उचलले. त्याचा पुत्र पाचवा कॉन्स्टंटाइन याने ते धोरण अधिक कठोरपणे राबवले. ७४० च्या भूकंपानंतर त्या नगरीतील पवित्र शांतीचे मंदिर पुन्हा उभारण्यात आले, तेव्हा वेदीवरील अर्धघुमटात ख्रिस्ताची वा मातेची प्रतिमा न घालता सोनेरी पृष्ठभूमीवर एक साधा क्रूस जडवण्यात आला. तो आजही तेथे आहे. आपण निर्विकारपणे पाहिले, तर तो सुंदर आहे. शोभा नको असे म्हणणाऱ्यांनाही सोन्याचे खडे लागलेच! दमास्कसचे संत योहान यांनी प्रतिमांचा कैवार घेतला. शब्द देह झाला असल्यामुळे त्या देहाचे चित्र काढता येते, असा त्यांचा युक्तिवाद होता. ७८७ च्या निकेयाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने निर्णय दिला: प्रतिमेला वंदन योग्य, आराधना केवळ परमेश्वराची. वाद पुन्हा एकदा उफाळला आणि अखेर ८४३ मध्ये शमला.

सोळाव्या शतकात पश्चिम युरोपने तोच अध्याय पुन्हा लिहिला. १५२४ साली झुरिकमधील मंदिरांतून प्रतिमा काढण्यात आल्या. १५६६ च्या ऑगस्ट महिन्यात नेदरलंडच्या मुलखात प्रतिमाभंजनाची लाट उसळली आणि अँटवर्पच्या मोठ्या मंदिरातील वेद्या व पुतळे फोडण्यात आले. उट्रेक्टच्या महामंदिरात त्या शतकातील विध्वंसाचा एक शिल्पपट आहे. त्यातील व्यक्तींची वस्त्रे, चुण्या, हात बरेचसे शाबूत आहेत, पण चेहरे तासून काढले आहेत. विद्रूप या शब्दाचा शब्दशः अर्थ पाहावयाचा असेल, तर तो या दगडात आहे.

इंग्लंडमधील एक नोंद आम्हांला याहून अधिक अस्वस्थ करते. स्ट्रॅटफर्ड गावच्या नगरसभेच्या जानेवारी १५६४ च्या हिशेबात तेथील प्रार्थनामंदिरातील प्रतिमा विद्रूप केल्याबद्दल दोन शिलिंग दिल्याची नोंद आहे. त्या वेळी नगरसभेचा कारभार पाहणाऱ्यांत जॉन शेक्सपिअर होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांच्या घरी विल्यम जन्मला. गंमत अशी, की नेमकी एकच महिना आधी, डिसेंबर १५६३ मध्ये, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने आपल्या अखेरच्या सत्रात प्रतिमांना योग्य मान द्यावा, मात्र त्यांत भडकपणा व अंधश्रद्धा नसावी, असे फर्मान काढले होते. स्ट्रॅटफर्डमध्ये विध्वंस झाला, पण त्यात कोठे गर्जना नव्हती. खर्चाच्या वहीतील ती एक ओळ होती. भिंतीवरील अंतिम न्यायाच्या चित्रावर चुन्याचा हात फिरला आणि काम संपले. पुढे १८०४ साली तो चुना निघाला तेव्हा खाली चित्र सापडले. इंग्लंडातील अनेक मंदिरांत असेच घडले. ज्या चुन्याने चित्र पुसायचे होते, त्यानेच ते शतकानुशतके जपले.

येथपर्यंत लिहिताना आमची लेखणी सहज चालली, कारण हे सर्व परक्यांचे. आता आपल्या अंगणात येऊ.

आपल्या घराण्यांच्या आठवणीत १७३९ हे वर्ष ठसलेले आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढे वसईचा किल्ला पडला. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेले ते नगर रिकामे झाले. किल्ल्यातील मंदिरांचे छत गेले, वेद्या गेल्या, घंटा गेल्या. त्या घंटांपैकी काहींचा ठावठिकाणा लागतो. वाईजवळ मेणवली येथे कृष्णाकाठी नाना फडणवीसांच्या घाटावर जी घंटा टांगलेली आहे, तिच्यावर १७०७ हे वर्ष आणि बाळ येशूसह मातेची आकृती आहे. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या मंदिरावरील घंटेवर १७२१ सालाची नोंद आहे. किल्ल्यात फिरताना पायाखाली लॅटिन व पोर्तुगीज अक्षरांच्या समाधिशिला लागतात. दर्शनी कमानींतून वडाची मुळे उतरली आहेत. आपले संत गोन्सालो गार्सिया, जे १५९७ साली नागासाकी येथे क्रूसावर रक्तसाक्षी झाले आणि १८६२ साली संतपदी विराजले, त्यांची ही जन्मभूमी. तेथील भग्न भिंती पाहून आपल्या मनात विटंबना हा शब्द येतो. पण तो पूर्णपणे न्याय्य आहे काय? घंटा वितळवल्या गेल्या असत्या तर तो शब्द चालला असता. त्या मात्र देवाच्या दारीच टांगल्या गेल्या आणि अजून वाजतात. विजयाचे ते चिन्ह होते हे खरे. तरी मातेची आकृती कोणी तासून काढली नाही, हेही तितकेच खरे.

आणि खऱ्या न्यायाने बोलायचे, तर आपणांस १७३९ च्याही मागे जावे लागते. १५४० च्या सुमारास गोव्यात तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. १५६७ मध्ये साष्टीतील देवळांवर तीच पाळी आली. १५६० साली कुठ्ठाळीचे मंगेशाचे दैवत खाडीपलीकडे अंत्रुज महालात हलवावे लागले. भक्तांनी ते रातोरात, डोक्यावर घेऊन, कसे नेले असेल याची कल्पना आपण करू शकतो, कारण आपल्याकडेही पळवून जपलेल्या प्रतिमांच्या कथा आहेत. उत्तर कोकणात बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात फ्रान्सिस्कन संन्याशांनी सोळाव्या शतकात ख्रिस्तमंदिर केले. मूळ शैव शिल्पांपैकी काही भिंतीआड आणि गिलाव्याआड गेली, आणि एका शिल्पपटाच्या जागी क्रूस कोरला गेला. तो क्रूस आजही दिसतो, आणि आतील नटराजही दिसतो. आपल्या पूर्वजांपैकी जे नवख्रिस्ती होते, त्यांनी त्या भिंतीच्या दोन्ही बाजू पाहिल्या असतील. एका पिढीच्या डोळ्यांना जी सजावट वाटली, ती आधीच्या पिढीच्या डोळ्यांना काय वाटली असेल, हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये क्षमायाचनेचा विधी केला. त्यात लोकांच्या संस्कृती व धर्म यांचा मान न राखल्याबद्दलही परमेश्वराची क्षमा मागण्यात आली. मंडपेश्वराच्या त्या भिंतीपुढे उभे राहिले असता ती प्रार्थना दूरच्या रोमची वाटत नाही.

आता राहिला तिसरा शब्द, अवकळा. विटंबनेला निदान एक शत्रू लागतो. अवकळेला कोणीही लागत नाही. ती आपोआप येते, म्हणजे आपल्यामुळे येते.

येथे आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरची ती वर्षे होती. आम्ही तरुण होतो, उत्साही होतो. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करू लागले होते आणि वेदी भिंतीपासून पुढे आणावयाची होती. तेवढे आवश्यक होते. परंतु वेदीमागे, एखाद्या प्रभावळीसारखी, जुनी कोरीव लाकडी भिंत होती. तिला पिळाचे खांब होते, द्राक्षवेली होत्या, देवदूतांची मस्तके होती आणि त्यांवर काळवंडलेला सोनेरी वर्ख होता. कोणीतरी म्हणाले, वाळवी लागली आहे. कोणीतरी म्हणाले, परिषदेला साधेपणा हवा आहे. एका रविवारी श्रमदान झाले आणि दुपारपर्यंत ती भिंत अंगणात ढीग होऊन पडली. चांगले लाकूड विकले गेले. उरलेले सणाच्या जेवणाच्या चुलीत गेले. त्या श्रमदानात आमचेही हात होते. दर्शनी फलकावर खडूने लिहिले होते: मंदिराचे सुशोभीकरण.

पुढे अनेक वर्षांनी आम्ही परिषदेचे ते वचनपत्र प्रत्यक्ष वाचले. १९६३ च्या पवित्र उपासनाविधीविषयक संविधानाने विधींत उदात्त साधेपणा असावा असे सांगितले आहे, आणि कलेविषयी बोलताना नुसत्या झगमगाटापेक्षा उदात्त सौंदर्याचा ध्यास धरावा असे म्हटले आहे. पण तेथेच १२६ व्या कलमात बिशपांना बजावले आहे, की पवित्र साहित्य व मौल्यवान कलाकृती विकल्या वा विखुरल्या जाऊ नयेत, कारण त्या परमेश्वराच्या घराचे अलंकार आहेत. आम्ही परिषदेचे नाव घेऊन परिषदेच्या विरुद्ध वागलो होतो. ज्याला आम्ही उतरवणे समजलो, ते ओरबाडणे होते, आणि त्याला आम्ही नाव दिले होते सजवण्याचे.

मराठी माणूस अशुभ शब्द तोंडातून काढत नाही. बांगडी फुटली तर ती वाढवली म्हणतो, मंगळसूत्र तुटले तर ते वाढले म्हणतो. त्या बोलण्यात दुःखाचा मान राखण्याची माया आहे. पण सुशोभीकरण हा शब्द जेव्हा आम्ही त्या फलकावर लिहिला, तेव्हा त्यात तशी माया नव्हती. तेथे शब्दाने दुःख झाकले नव्हते, चूक झाकली होती.

म्हणून, वाचकहो, आमची विनंती लहानशी आहे. आपापल्या धर्मग्रामात जुने मंदिर दुरुस्त करावयाचे, वाढवावयाचे, कदाचित नव्याने बांधावयाचे विषय निघतात. निघणारच. लोकसंख्या वाढते, भिंती थकतात. अशा सभेत बसाल तेव्हा शब्दांना नीट पारखून घ्या. जे काढावयाचे आहे त्याची यादी केली आहे काय, छायाचित्र घेतले आहे काय, ठेवावयाची जागा ठरली आहे काय, हे विचारा. ज्यांच्या आजोबांनी ते खांब घडवले वा वर्खासाठी पैसे दिले, त्या घरांना विचारा. इतके करूनही काढावे लागले तर काढा. ते उतरवणे होईल. न विचारता काढलेली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी खर्चाच्या वहीतील दोन शिलिंगांची ओळ होऊन राहते.

त्या भिंतीचा एक हातभर खांब आम्ही त्या दुपारी चुलीपासून वाचवून घरी आणला होता. का आणला, ते तेव्हा सांगता आले नसते. तो माळ्यावर आहे. यंदा पुनरुत्थानाच्या रात्रीची मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो तेव्हा नात म्हणाली, "आजोबा, वेदीवर पुन्हा तीच चादर घातली होती." तिच्या लक्षात राहिले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही माळ्यावर चढलो, तो खांब खाली काढला, त्यावरची धूळ पुसली आणि तो तिच्या हाती दिला. द्राक्षांच्या घोसात अजून थोडा वर्ख शिल्लक आहे.